चिठ्ठीनं गेलेली किल्ली

भोरला मी ज्या ऑफिसात नोकरी केली ते मुळात केबलवाल्याचं दुकान. दोन हजार सालानंतर घरोघरी डिशच्या छत्र्या बसू लागल्या, केबलची गिऱ्हाइकं गळू लागली, तेव्हा मालकांनी इंटरनेट विकायचं ठरवलं. मधे डोंगर आडवे, तारा ओढणं शक्य नाही, म्हणून सगळा मामला हवेतून. भोरहून सिग्नल सोडायचा, तो वरव्याला एका कारखान्याच्या छपरावर झेलायचा, तिथून मार्गासनीच्या टेकाडावर आणि मार्गासनीहून पुढे वेल्ह्याला. चार टॉवर, एकाच्या पुढे एक. ऑफिसात माणसं तीन: मालक, काका आणि मी.

काका नात्याने आमच्यापैकी कुणाचेच नव्हते, पण सगळ्या पेठेचे काका होते. चारही टॉवर त्यांनी स्वतः चढून उभे केलेले. मी कॉम्प्युटर शिकून कॉलेजातून बाहेर पडले तेव्हा एका मुलीला, तीही आमच्या मोहल्ल्यातली, असल्या कामाला घ्यायला मालक कां कू करत होते. काकांनी त्यांना सांगितलं की पोरगी एसटी डेपोतल्या मेस्त्रींची आहे, पान्याला घाबरायची नाही. अशी अब्बांच्या पान्याच्या जोरावर मला कॉम्प्युटरची नोकरी मिळाली.

गिऱ्हाइकांचे फोन यायचे ते एकाच वाक्याचे: नेट बंद आहे. पण कुठे बंद आहे हे शोधायला काकांना मोटरसायकल काढावी लागायची. वरव्याला जाऊन पाहावं तर तिथलं ठीक, बिघाड वेल्ह्याला. मग मी एका कॉम्प्युटर मासिकाबरोबर आलेली सीडी शोधून काढली. तिच्यात नेटवर्कवर नजर ठेवणारं फुकटचं सॉफ्टवेअर होतं. दर पाच मिनिटांनी ते प्रत्येक टॉवरला हाक मारायचं. ओ आली तर पडद्यावर हिरवा दिवा, नाही आली तर लाल. ऑफिसातल्या एका जुन्या, कुणालाच नको असलेल्या मशीनवर मी ते बसवायला घेतलं.

त्यासोबत पन्नासेक पानांचं इंग्रजी पुस्तक होतं. मी ते छापून घेतलं आणि पहिली चाळीस पानं मन लावून वाचली. शेवटच्या प्रकरणात बसवून झाल्यावर काय करायचं ते लिहिलेलं होतं. बसवण्यापुरत्या लागणाऱ्या स्क्रिप्टा, म्हणजे मशीनला एकामागून एक हुकूम देणाऱ्या फाइली, काढून टाका. टॉवरला हाक मारणारी स्क्रिप्ट फक्त एकाच्याच ताब्यात ठेवा. पत्त्यांची फाइल इतरांना वाचू द्या, बदलू देऊ नका. माझं मशीन तोवर चालू लागलं होतं. लग्न लागल्यावर पत्रिका कोण वाचतं, म्हणून मी ते प्रकरण चाळून बाजूला ठेवलं.

तरी सुरुवातीला मी हक्क बेताचेच ठेवले होते. त्या मशीनवर प्रत्येक फाइलीला तीन जणांसाठी हक्क द्यावे लागत: तिच्या धन्यासाठी, धन्याच्या गटासाठी आणि उरलेल्या सगळ्या जगासाठी. हक्कही तीनच: वाचायचा, बदलायचा आणि चालवायचा. तिन्ही दिले की आकडा होतो सात. मी स्वतःला सात ठेवला आणि बाकीच्यांना फक्त वाचायचा हक्क दिला.

तिसऱ्या दिवशी काका पत्त्यांच्या फाइलीत वरव्याचा नवा पत्ता घालायला बसले. पत्ता म्हणजे टॉवरवरच्या यंत्राचा क्रमांक. तो काकांनाच ठाऊक असायचा, म्हणून फाइल कशी उघडायची ते मीच त्यांना शिकवलं होतं. पडद्यावर इंग्रजीत आलं की परवानगी नाकारली आहे. काकांनी ते एकेक अक्षर लावून वाचलं आणि उठून माझ्या टेबलाशी आले. आवाज अजिबात चढला नव्हता.

"ते मला न्हाई म्हणतंय. म्या काय चोर हाय व्हय?"

आमच्याकडे माणसादेखत कपाटाला कुलूप लावत नाहीत. पाहुणा बसलेला असताना अम्मी डब्याचं झाकणही जोरात लावायची नाही, त्याला वाटेल आपल्याला बघून लावलं. भोरात काय आणि वेल्ह्यात काय, दार लोटलेलं असतं. कडी लावलीत तर शेजारी विचारतात, काय झालं? आणि इथे मी, ज्या माणसाने मला नोकरी मिळवून दिली त्याच्याच तोंडावर कुलूप लावलं होतं. मला लाज वाटली. दोन मिनिटांत मी एक हुकूम टाइप केला: सात, सात, सात. सगळ्या फाइली, सगळ्या स्क्रिप्टा, सगळ्या जगाला खुल्या. काकांचा चेहरा निवळला आणि त्यांनी चहा सांगितला. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण त्या दिवशी ती मला चहाची बहीण वाटली.

त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा मार्गासनीला गेले. आमच्या चार टॉवरांपैकी तिथेच तेवढा राखणदार होता. टॉवर त्याच्या जमिनीत, जागा दिली म्हणून राखणीचं काम त्याला, असा मालकांचा आणि त्याचा शब्द होता. सगळे त्यांना आबा म्हणत. उमेदीत एका धरणाच्या गोदामावर त्यांनी पहारा केला होता. लाईट गेली की केबिन उघडायची, जनरेटर चालू करायचा, आली की बंद करायचा, एवढंच काम. पण आबा ते काम करायचे म्हणजे करायचेच.

मी नसरापूरहून वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपने आले, टेकाड चढले आणि केबिनची किल्ली मागितली. आबांनी कमरेच्या करगोट्याला बांधलेली किल्ली चाचपली, पण सोडली नाही. मालकांची चिठ्ठी आणली आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, मी ऑफिसातलीच आहे. ते म्हणाले, असाल. मी अब्बांचं नाव सांगितलं. अब्बांना ते ओळखत होते. डेपोतल्या मेस्त्रींनी एकदा त्यांना गाडीत पुढची सीट दिली होती म्हणे. पाणी दिलं, चहा दिला, बसायला घोंगडी टाकली. किल्ली दिली नाही. मी रिकाम्या हाताने भोरला परत आले आणि आल्या आल्या काकांजवळ तणतणले की हा म्हातारा स्वतःला समजतो कोण. काकाही त्याला हसले. आमचं दोघांचं चांगलं जमत होतं.

पावसाळा संपला आणि दिव्यांचा खेळ सुरू झाला. मार्गासनी लाल होऊ लागलं, कधी दिवसातून दोनदा, कधी चारदा. मालकांनी मशीन मुद्दाम दाराकडे तोंड करून ठेवलं होतं, गिऱ्हाइकाने आत शिरताच चार हिरवे दिवे बघावेत म्हणून. आता गिऱ्हाईक लाल दिवा बघायचं. मालक आबांना फोन लावायचे. टेकाडाखालच्या दुकानात फोन, तिथून कुणीतरी हाक मारायचं, आबा यायचे आणि सांगायचे की लाईट आहे, यंत्र चालू आहे, म्या आत्ताच बघून आलो. मालक पडद्याकडे बघत फोन ठेवायचे. पडद्यावर ढळढळीत दिसत असताना माणूस खोटं कसा बोलतो, असं म्हणायचे. मीही मान हलवायचे.

गंमत म्हणजे त्याच दिवसांत वेल्ह्याहूनही फोन येत होते. तिथल्या शाळेतले गुरुजी दर दोन दिवसांनी सांगायचे की नेट बंद आहे. मी पडदा बघायचे. वेल्हे हिरवंगार. मी त्यांना सांगायचे, गुरुजी, आमच्याकडून चालू आहे, तुमचीच वायर बघा. गुरुजी बिचारे वायर बघायचे. एकदा त्यांनी सगळी वायर बदलली. आज आठवलं की कानाची पाळी गरम होते, पण तेव्हा मी फार आत्मविश्वासाने बोलत असे. जागेवरचा माणूस सांगतोय ते खोटं आणि सीडीवरून उतरवलेलं फुकटचं सॉफ्टवेअर सांगतंय ते खरं, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

दोन महिने असे गेल्यावर मालकांनी निर्णय घेतला. आबा शेतात जातात, जनरेटरकडे लक्ष देत नाहीत आणि वर खोटं बोलतात, तेव्हा किल्ली काढून घ्यायची आणि खालच्या वाडीतल्या दुसऱ्याला द्यायची. टॉवर आबांच्या जमिनीतच राहणार, फक्त त्याच्यावर आबांचा हात राहणार नाही. मालकांनी चिठ्ठी लिहिली: पत्र आणणाऱ्या बाईंकडे किल्ली द्यावी, यापुढे आपली गरज नाही. दोन ओळी, खाली सही. पत्र आणणारी बाई अर्थातच मी.

आबांनी चिठ्ठी हातात घेतली. ते चौथी शिकलेले होते. अक्षरांखाली बोट धरून, ओठ हलवत त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचली. मला वाटलं आता वाद घालतील. त्यांनी करगोट्याची गाठ सोडली, किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. फक्त म्हणाले, बघून घ्या, सगळं जागच्या जागी हाय.

म्हणून मी केबिन उघडली. आत यंत्राचा दिवा सुरळीत लुकलुकत होता. बॅटरी भरलेली. जनरेटरवर धुळीचा कण नाही, शेजारी डिझेलचा कॅन, त्यावर फडकं. मी मोबाईलवरून ऑफिसला फोन लावला. काकांनी उचलला. पडद्यावर काय दिसतंय असं विचारलं तर म्हणाले, मार्गासनी सकाळपासून लालच आहे, बाकी सगळं हिरवं.

मी दारात येऊन वर बघितलं. टॉवरला दोन डिश होत्या. एकीचं तोंड वरव्याकडे, दुसरीचं वेल्ह्याकडे. वेल्ह्याला जे काही जात होतं ते इथूनच जात होतं. नळाचं पाणी मधल्या वाडीत बंद आणि शेवटच्या वाडीत चालू, असं कधी असतं का? हे कळायला कॉलेज लागत नाही. मला दोन महिने कळलं नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "मार्गासनी बंद असेल तर वेल्ह्याला नेट कुठून जातंय?"

  काका म्हणाले, "तू ये हिकडं. आल्यावर बोलू."

मी वळले तर आबा तिथेच उभे होते. माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. मी किल्ली पुढे केली आणि सांगितलं की चूक आमच्याकडची आहे, तुमचं खरं होतं, ही ठेवा. त्यांनी हात मागे घेतले.

"चिठ्ठीनं गेलीया. चिठ्ठीनंच येऊ द्या."

ती किल्ली पर्समध्ये घालून मी टेकाड उतरले. वडापमध्ये माझ्या शेजारी कोथिंबिरीची पोती होती आणि माझ्या डोळ्यांना सारखं पाणी येत होतं, ते काही कोथिंबिरीमुळे नव्हतं.

ऑफिसात पोचले तेव्हा मालक बाहेर गेले होते. मी पत्त्यांची फाइल उघडली. वेल्ह्याच्या नावापुढे मार्गासनीचा पत्ता होता आणि मार्गासनीच्या नावापुढे वेल्ह्याचा. फाइल शेवटची बदलल्याची तारीख मशीनवर दिसत होती आणि तो दिवस मला चांगला आठवत होता. पुण्याहून पाहुणे येणार होते, मालकांना त्यांच्याबरोबर मोठा करार करायचा होता आणि चारही दिवे हिरवे दिसायलाच हवेत असं त्यांनी आदल्या दिवशी बजावलं होतं. वेल्ह्याची बॅटरी मरायला टेकलेली. ती बदलायचं काम काकांचं, आणि ते आज-उद्या करत राहिलं होतं.

काकांनी माझ्याकडे न बघता सगळं सांगितलं. वेल्ह्याचा दिवा एक दिवस हिरवा दिसावा म्हणून त्यांनी त्याच्या नावापुढे मार्गासनीचा पत्ता घातला. पाहुणे गेल्यावर वेल्ह्याचा खरा पत्ता परत घातला, पण चष्मा घरी राहिलेला, तो पडला वरच्या ओळीत, मार्गासनीपुढे. तेव्हापासून वेल्ह्याची बॅटरी मेली की मार्गासनी लाल व्हायचं. मी विचारलं, वेल्हे एवढं हिरवं कसं, असा प्रश्न पडला नाही का? ते म्हणाले, हिरवं दिसल्यावर कोण इचारतंय. हे मात्र खरं होतं. मीही विचारलं नव्हतं.

मालक आले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला काय म्हणायचं? मी एवढंच सांगितलं की फाइलीत पत्त्यांची अदलाबदल झाली होती, आबांचा काही दोष नाही आणि फाइल सगळ्यांना खुली मी ठेवली होती. मालकांनी विचारलं, बदलली कुणी? मी नाव घेतलं नाही. काका दाराशी उभे होते, आणि ते गप्प राहतील अशी भीती मला वाटत होती, आणि बोलतील अशीही वाटत होती. मग ते म्हणाले, "म्या बदलली."  मालक त्यांना जे काही बोलले ते दार लावून बोलले. त्या ऑफिसाचं दार लावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तकाचं शेवटचं प्रकरण ओळीने वाचलं आणि ओळीने केलं. बसवण्याच्या स्क्रिप्टांचा फोल्डर उडवला. तो इतके दिवस तसाच पडून होता, कुणी त्यातली एक स्क्रिप्ट नुसती चालवली असती तरी सगळं पहिल्यापासून पुसून गेलं असतं. टॉवरला हाक मारणारी स्क्रिप्ट मशीनच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या नावाने चालत होती आणि ती बदलायची मुभा मात्र साऱ्या गावाला होती, म्हणजे कुणीही काहीही लिहावं आणि मशीनने ते साहेबाचा हुकूम म्हणून पाळावं. तिला मी वेगळा, कमी हक्कांचा धनी दिला. नोंदी लिहायला जेवढी जागा लागते तेवढीच लिहायला खुली ठेवली. पत्त्यांची फाइल सगळ्यांना वाचायला, बदलायला फक्त मला. सगळं मिळून तासाभराचं काम. तो तास मी वेळेवर दिला असता तर बरं झालं असतं, असं म्हणण्यातही काही अर्थ नाही, कारण तेव्हा माझ्याकडे तास होता, काकांना नाही म्हणायला तोंड नव्हतं.

या वेळी हुकूम टाइप करण्याआधी मी काकांकडे गेले आणि त्यांना तोंडावर सांगितलं की आता तुम्हाला फाइल बदलता येणार नाही, पत्ता मला सांगा, मी घालीन. ते म्हणाले, घाल. त्या दिवसापासून पुढे कितीतरी आठवडे त्यांनी मला चहा विचारला नाही. वेल्ह्याची बॅटरी मात्र त्यांनी त्याच दिवशी बदलली. गुरुजींना मी फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, असू द्या, वायर जुनीच झाली होती.

राहिली चिठ्ठी. मालकांना ती लिहायचा कंटाळा होता, किंवा कमीपणा वाटत होता. किल्ली देऊन ये, दोन शब्द गोड बोल, आपल्याच माणसाला चिठ्ठी कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी हलले नाही. शेवटी त्यांनी केबलच्या जुन्या पावतीमागे लिहिलं: किल्ली परत देत आहोत, काम पूर्वीप्रमाणे पाहावे. सही केली. झाल्या प्रकाराबद्दल एक शब्द नाही. मी बाहेर येऊन पेन काढलं आणि सहीखाली उरलेल्या जागेत लिहिलं की दोन महिने टॉवर चालू होता, राखणदाराचं सांगणं खरं होतं, चूक ऑफिसची आणि त्यात पहिली माझी. खाली माझी सही केली. दुसऱ्याच्या सहीखाली असं लिहू नये हे मला माहीत होतं.

आबा टेकाडावरच होते. किल्ली नसली तरी टॉवरखाली बसलेले. त्यांनी चिठ्ठी घेतली, बोट धरून वाचायला लागले. मालकांच्या ओळी झाल्या, सही झाली आणि बोट खाली माझ्या अक्षरावर आलं. तिथे त्यांना फार वेळ लागला. माझं अक्षर वाईट आहे. मी वाचून दाखवू का म्हटलं तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. शेवटच्या शब्दापर्यंत ते स्वतः पोचले.

"हे खालचं कुणी लिवलंय?"

"मी."

त्यांनी चिठ्ठीची चौघडी केली, बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि तळहात पुढे केला. मी किल्ली ठेवली. करगोट्याला गाठ मारून ती त्यांनी दोनदा ओढून बघितली. मग केबिनकडे गेले, कुलूप काढलं. दुरुस्त केलेला पत्ता हाकेला बरोबर ओ देतोय का ते बघायचं होतं, म्हणून मीही चपला काढून मागोमाग गेले. उंबऱ्यावर ते वळले आणि दारात आडवे उभे राहिले.

"ही चिठ्ठी किल्लीची झाली, बाई. आत यायची कुठं हाय?"

मला हसू आलं. ते हसत नव्हते. मी चपला घातल्या आणि बाहेर दगडावर जाऊन बसले. आबांनी आतूनच यंत्राचे दिवे मोजून मला सांगितले, मी ते मोबाईलवरून ऑफिसला कळवले. उन्हात बसून कळवताना मला फार बरं वाटलं.